मागे काम चालू झालं की व्हिडिओ अडखळतो: शेड्युलरची सेटिंग कशी तपासायची

तक्रार साधारण अशी असते. एरवी व्हिडिओ नीट चालतो. मागे एखादं जड काम सुरू झालं, म्हणजे लग्नाच्या फिल्मचा एक्स्पोर्ट, मोठी झिप फाइल, अँटिव्हायरसचा स्कॅन, की चित्र गचके खायला लागतं. काम संपलं की पुन्हा सगळं सुरळीत. चार दिवसांनी परत तेच. तोवर ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकून झालेला असतो, रॅम वाढवून झालेली असते, ब्राउझर बदलून झालेला असतो, आणि शेवटी "मशीन जुनं झालं" असा निकाल लागतो. हा निकाल बऱ्याचदा चुकीचा असतो. त्यापायी लोक विनाकारण पैसे घालवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

व्हिडिओ दाखवायला प्रोसेसरची ताकद फार लागत नाही, पण लागते ती वेळेवर लागते. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर दर ४० मिलिसेकंदांना नवीन चित्र तयार हवं. ६० फ्रेमचा असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांना. त्या चित्रामागचं काम कदाचित पाचच मिलिसेकंदांचं असेल, पण ते पाच मिलिसेकंद नेमके कधी मिळणार हे प्लेअरच्या हातात नसतं. ते ठरवतो ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर, म्हणजे कुठल्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा ते बघणारा तिचा भाग. टास्क मॅनेजर मात्र साधारण एकेका सेकंदाची सरासरी दाखवतो. त्या एका सेकंदात २५ चित्रं येऊन जातात, त्यातली पाच उशिरा आली तरी आलेखात काहीच उमटत नाही.

म्हणून "सीपीयू शंभर टक्के आहे, अडकणारच" हे उत्तर अपुरं आहे. सीपीयू पूर्ण भरलेला असतानाही व्हिडिओला त्याचा लहानसा वाटा वेळेवर देणं हेच शेड्युलरचं काम आहे. आणि "सीपीयू साठच टक्के आहे, म्हणजे दोष दुसरीकडे" हेही उत्तर अपुरंच. मोजायचं ते एकच: व्हिडिओचा थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक स्वतंत्र धागा) कामाला तयार असूनही किती वेळ रांगेत ताटकळला.

आधी बाकीच्या शक्यता बाजूला काढा

थेट शेड्युलरवर येऊ नका. अडखळण्याची इतर कारणं जास्त सामान्य आहेत आणि तपासायलाही सोपी आहेत.

फिरणारं गोल चक्र दिसत असेल तर तो नेटचा प्रश्न. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. तिथे बफर हेल्थ (आधीच उतरून आलेला व्हिडिओ) काही सेकंदांची असूनही ड्रॉप झालेल्या (दाखवायच्या राहून गेलेल्या) फ्रेमचा आकडा वाढत असेल, तर नेटची काही चूक नाही. माल घरात आलेला आहे, तो पडद्यापर्यंत पोचत नाही. त्याहून चांगली पद्धत म्हणजे एक फाइल डिस्कवर उतरवून घ्या आणि तीच तपासणीसाठी ठेवा. व्हीएलसीत टूल्समध्ये मीडिया इन्फर्मेशन, त्यात स्टॅटिस्टिक्स, तिथे हरवलेल्या फ्रेमचा आकडा असतो.

मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू निवडून "व्हिडिओ डिकोड" हा आलेख बघा. व्हिडिओ चालू असताना तो शून्यावर पडून असेल तर डिकोडिंग, म्हणजे दाबून साठवलेल्या फाइलमधून चित्र उलगडणं, प्रोसेसरवर होतंय. एव्ही१ कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या एका पद्धतीच्या) बाबतीत हे जुन्या मशीनवर हमखास घडतं, कारण एव्ही१चं हार्डवेअर डिकोडिंग इंटेलच्या ११व्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरपासून आणि एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून मिळायला लागलं. अशा वेळी मागे काहीही चालू नसतानाही ४के व्हिडिओ अडखळतो. तिथे शेड्युलरला दोष देण्यात अर्थ नाही. कमी रिझोल्यूशन किंवा दुसरा कोडेक निवडा.

तिसरी शक्यता आपल्याकडे खास लक्षात ठेवायची. भारतीय टीव्हीचं बरंचसं चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं असतं आणि लॅपटॉपचा पडदा ६० हर्ट्झचा. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दाखवाव्या लागतात. कॅमेरा आडवा फिरताना हलकी थरथर जाणवते ती यामुळे. ही थरथर सतत आणि एकसारखी असते, मागचं काम बंद केलं तरी जात नाही, आणि ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडाही वाढत नाही. पडदा ५० किंवा ७५ हर्ट्झवर चालत असेल तर तिथे लावून बघा, लगेच फरक कळेल.

चौथी शक्यता ड्रायव्हरची. चित्रासोबत आवाजही तडतडत असेल, माउसचा बाणही क्षणभर थिजत असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्या. ड्रायव्हरची तातडीची कामं, ज्यांना डीपीसी म्हणतात, ती सगळ्या साध्या थ्रेडच्या वरच्या पातळीवर चालतात. तिथे थ्रेडची प्रायॉरिटी (रांगेतला अग्रक्रम) कितीही वाढवा, उपयोग शून्य. लॅटन्सीमॉन हे साधन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं की कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते नावानिशी दिसतं.

उलट आवाज अगदी स्वच्छ आणि चित्र मात्र उड्या मारतंय, आणि तेही मागे काम चालू असतानाच, तर शेड्युलरवरचा संशय पक्का होत जातो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून मल्टिमीडिया क्लास शेड्युलर आहे. आवाजाचे थ्रेड त्याच्याकडे नोंद करून वरची प्रायॉरिटी मिळवतात. चित्र डिकोड करणारे थ्रेड मात्र बऱ्याच प्लेअरांत साध्या पातळीवरच राहतात. बहुतेक प्लेअर आवाजाला घड्याळ मानतात आणि उशिरा आलेली फ्रेम टाकून देतात. म्हणून आवाज अखंड ऐकू येतो आणि चित्र तुटतं.

रांगेतला वेळ कसा मोजायचा

अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा एकदा नीट मोजलेलं बरं. मायक्रोसॉफ्टचं विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डर हे मोफत साधन त्यासाठीच आहे. त्यात सीपीयू युसेज निवडा, रेकॉर्डिंग सुरू करा, मागे जड काम लावा, व्हिडिओ चालवा, दोन-चार गचके बसले की रेकॉर्डिंग थांबवा. फार लांबवू नका, फाइल भराभर फुगते. मग ती फाइल विंडोज परफॉर्मन्स ॲनालायझरमध्ये उघडा आणि सीपीयू युसेजचा "प्रिसाइज" नावाचा तक्ता काढा. "सॅम्पल्ड" नावाचाही एक तक्ता तिथे असतो, तो या कामाचा नाही.

प्रिसाइज तक्त्यात "रेडी" आणि "वेट्स" असे दोन रकाने असतात, मायक्रोसेकंदांत. वेट्स म्हणजे थ्रेड स्वतःहून कशाची तरी वाट बघत होता, उदाहरणार्थ डिस्कची किंवा पुढच्या फ्रेमच्या वेळेची. रेडी म्हणजे त्याला काम होतं, तो तयार होता, आणि तरी प्रोसेसर मिळाला नाही. प्लेअरच्या किंवा ब्राउझरच्या थ्रेडसमोर रेडीचा सर्वांत मोठा आकडा बघा. तो दोन-तीन हजार असेल, म्हणजे दोन-तीन मिलिसेकंद, तर शेड्युलर निर्दोष आहे. तो चाळीस हजारांच्या पुढे गेला, एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास घुटमळायला लागला, तर कारण जवळजवळ हातात आलं. हा एक लाख ऐंशी हजार कुठून येतो ते पुढे सांगतो.

एवढी मोठी साधनं नको असतील तर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये "सिस्टिम" गटातला "प्रोसेसर क्यू लेंग्थ" हा काउंटर लावा. तो रांगेत किती थ्रेड उभे आहेत ते सांगतो. पुरावा म्हणून कमजोर, पण गचका आणि रांगेचा उंचवटा एकाच वेळी येतात का, एवढं कळायला पुरतो.

बहुतेक वेळा सापडणारं कारण

विंडोजमध्ये सिस्टिम प्रॉपर्टीज उघडा, ॲडव्हान्स्ड टॅब, परफॉर्मन्सखाली सेटिंग्ज, तिथे पुन्हा ॲडव्हान्स्ड टॅब. वरच "प्रोसेसर शेड्युलिंग" लिहिलेलं दिसेल आणि दोन पर्याय: प्रोग्रॅम्स आणि बॅकग्राउंड सर्व्हिसेस. घरच्या मशीनवर इथे प्रोग्रॅम्स निवडलेलं असायला हवं.

या दोन गोल बटणांमागे काय बदलतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. समान प्रायॉरिटीचे थ्रेड रांगेत असतील तर शेड्युलर प्रत्येकाला पाळीपाळीने वेळेचा एक तुकडा देतो, त्याला क्वांटम म्हणतात. हा तुकडा घड्याळाच्या ठोक्यांत मोजला जातो आणि आजच्या मशीनवर तो ठोका सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा असतो. प्रोग्रॅम्स निवडलं असेल तर मागच्या प्रोग्रॅमला दोन ठोके मिळतात, म्हणजे साधारण ३१ मिलिसेकंद, आणि समोरच्या, म्हणजे ज्या विंडोवर तुम्ही आहात त्या प्रोग्रॅमला तिप्पट, साधारण ९४ मिलिसेकंद. बॅकग्राउंड सर्व्हिसेस निवडलं की हा भेद संपतो. सगळ्यांना सरसकट बारा ठोके: सुमारे १८७ मिलिसेकंद. विंडोज सर्व्हरमध्ये हेच मुळात ठरलेलं असतं, आणि सर्व्हरसाठी ते योग्यच आहे, कारण थ्रेड वारंवार बदलण्यात वाया जाणारा वेळ त्यामुळे वाचतो.

आता व्हिडिओचा हिशेब लावा. ३१ मिलिसेकंदांचा खोळंबा २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमपेक्षाही कमी आहे. प्लेअरकडे दोन-चार फ्रेम आधीच तयार असतात, त्यात तो जिरून जातो. १८७ मिलिसेकंद म्हणजे जवळपास पाच फ्रेम. ते डोळ्यांना दिसतंच. ६० फ्रेमच्या व्हिडिओत तर अकरा फ्रेम जातात.

इथे एक रास्त शंका निघते: मग अशा मशीनवर व्हिडिओ कायमच का अडखळत नाही? कारण विंडोज वाट बघून जागा झालेल्या थ्रेडला तात्पुरती थोडी वरची प्रायॉरिटी देतं. हलकी फ्रेम असेल तर डिकोडर जागा होतो, त्या बढतीच्या जोरावर रांगेत पुढे घुसतो, काम उरकून पुन्हा झोपतो. जड फ्रेम आली, म्हणजे ४के, भरपूर हालचाल, पाऊस, गर्दी, फटाके, की काम लांबतं, बढती उतरते, आणि मग डिकोडर एक्स्पोर्टच्या थ्रेडबरोबर समान पातळीवर येऊन आपल्या पाळीची वाट बघत बसतो. म्हणून लोक सांगतात की "काही सीनलाच अडकतं, फाइल खराब आहे." फाइल खराब नसते. तीच फाइल मागचं काम बंद करून चालवली की तोच सीन सुरळीत जातो, आणि ही तपासणी एका मिनिटात होते.

ही सेटिंग बदलली कोणी, हाही प्रश्न असतो. माझ्या पाहण्यात तीन वाटा आहेत. एक, दुकानात किंवा ऑफिसात एकच पीसी अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर आणि वापरायचं मशीन असा दुहेरी राबत असतो आणि बसवणाऱ्याने सर्व्हर वेगवान व्हावा म्हणून हे बटण फिरवलेलं असतं. दोन, घरचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. एक्सपीच्या काळापासून ऑडिओ इंटरफेससाठी बॅकग्राउंड सर्व्हिसेस निवडा असा सल्ला फिरतो आहे, तो अजून संपलेला नाही. त्याच मशीनवर आता व्हिडिओ एडिटिंगही होतं. तीन, "गेमिंग बूस्टर" छापाच्या एका क्लिकच्या फाइली. तिसरी वाट सर्वांत त्रासाची, कारण त्या फाइली बटण फिरवत नाहीत, थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, आकडा लिहितात.

रजिस्ट्रीतला आकडा कसा वाचायचा

हा आकडा करंट कंट्रोल सेटखाली कंट्रोल, त्याखाली प्रायॉरिटी कंट्रोल या जागी "विन३२ प्रायॉरिटी सेपरेशन" नावाने असतो. नुकत्याच बसवलेल्या विंडोजमध्ये तिथे २ असतो. वरच्या खिडकीत प्रोग्रॅम्स निवडून ओके केलं की २६ हेक्स (हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणारी आकडेपद्धत) होतो, बॅकग्राउंड सर्व्हिसेस निवडलं की १८ हेक्स.

हा आकडा शून्य-एकमध्ये लिहिला की होणाऱ्या सहा बिटांच्या (अंकांच्या) तीन जोड्या आहेत. पहिली जोडी तुकडा लांब की आखूड ते सांगते, दुसरी तो सगळ्यांना सारखा की समोरच्याला जास्त ते, तिसरी समोरच्याला किती जास्त ते. २६ हेक्स म्हणजे आखूड, समोरच्याला जास्त, आणि तेही कमाल. १८ हेक्स म्हणजे लांब आणि सगळ्यांना सारखा. सल्ल्यांमध्ये सापडणारा २८ हेक्स म्हणजे आखूड आणि सगळ्यांना सारखा.

घोळ होतो तो इथे. रजिस्ट्री एडिटरच्या खिडकीत हेक्साडेसिमल आणि डेसिमल असे दोन पर्याय असतात. डेसिमल निवडलेलं असताना कोणी २६ लिहिलं तर ते हेक्समध्ये १ए होतं, आणि १ए चा अर्थ लांब आणि सगळ्यांना सारखा. म्हणजे प्रोग्रॅम्सची सेटिंग लावायला गेलेल्या माणसाने नेमकी उलटी सेटिंग लावलेली असते. डेसिमलमध्ये लिहायचंच तर ३८ लिहायला हवं. मशीनवर कोणी "ट्वीक" केलं असेल तर सगळ्यांत आधी हा आकडा बघा. शंका असेल तर सरळ २ लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा. २ म्हणजे विंडोजच्या त्या आवृत्तीला जे मुळात ठरलेलं आहे ते.

त्याच ट्वीक फाइलींत आणखी एक आकडा हमखास असतो: मल्टिमीडिया क्लास शेड्युलरच्या सिस्टिम प्रोफाइलमधला "सिस्टिम रिस्पॉन्सिव्हनेस". मूळ आकडा २०, म्हणजे २० टक्के प्रोसेसर बाकीच्या कामांसाठी राखून ठेवायचा. तो ० करा म्हणजे सगळी ताकद व्हिडिओला मिळेल, असं सांगितलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या माहितीनुसार १० पेक्षा कमी आकडा लिहिला तर तो २० च धरला जातो. म्हणजे ० लिहून काहीच बदलत नाही. आणि १०० लिहिलं तर हा मल्टिमीडिया शेड्युलर चक्क बंद होतो, मग आवाजही तडतडायला लागतो. त्याच जागी "नेटवर्क थ्रॉटलिंग इंडेक्स" असतो, मूळ आकडा १०: मल्टिमीडिया चालू असताना नेटवर्कची पाकिटं मिलिसेकंदाला दहापर्यंत रोखायची. २००७ मध्ये व्हिस्टावर गाणं चालू केलं की नेटवर्कवरून फाइल कॉपी होण्याचा वेग पडायचा तो याच मर्यादेमुळे. आज व्हिडिओच्या गचक्यांसाठी हा आकडा छेडायचं कारण मला दिसत नाही.

प्लेअरची प्रायॉरिटी वाढवण्याऐवजी जड कामाची उतरवा

सेटिंग मूळ जागी आणल्यावरही थोडे गचके राहिले, तर बहुतेक जण टास्क मॅनेजरमध्ये जाऊन प्लेअरला "हाय" किंवा "रिअलटाइम" प्रायॉरिटी देतात. रिअलटाइम तर देऊच नका. विंडोजमध्ये प्रायॉरिटी ० ते ३१ असते, साधा प्रोग्रॅम ८ वर, रिअलटाइम २४ वर. २४ वरचा डिकोडर एकदा सगळे कोअर धरून बसला की विंडोजचे स्वतःचे बरेच थ्रेडही त्याच्या मागे राहतात. माउस-कीबोर्ड थिजतात, डिस्कची कामं लटकतात, आणि डिस्कवरून फाइल वाचली गेली नाही तर व्हिडिओच थांबतो.

शिवाय ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघत असाल तर प्रायॉरिटी द्यायची कोणाला? टॅबची प्रोसेस वेगळी, जीपीयूची वेगळी, आवाजाची वेगळी. एकीला वर नेलं आणि बाकीच्या खाली राहिल्या तर साखळी तिथेच अडते.

जड काम मात्र एकच असतं. त्याला "बिलो नॉर्मल" द्या, म्हणजे ६. त्याचा वेग फारसा पडत नाही, कारण व्हिडिओला हवा तो थोडा वेळ सोडला तर उरलेला सगळा प्रोसेसर त्यालाच मिळतो. पण व्हिडिओ जागा झाला की त्याला तत्काळ बाजूला व्हावं लागतं, क्वांटम कितीही लांब असला तरी, कारण वरच्या प्रायॉरिटीचा थ्रेड खालच्याचा तुकडा संपायची वाट बघत नाही. या प्रश्नावरचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय हाच आहे, आणि रजिस्ट्रीला हात न लावता होतो.

फक्त एक लक्षात ठेवा. टास्क मॅनेजरमध्ये दिलेली प्रायॉरिटी तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंतच टिकते. "परवा नीट झालं होतं, आज परत सुरू झालं" यामागचं हे एक नेहमीचं कारण. कायमचं करायचं असेल तर तो प्रोग्रॅम एका छोट्या बॅच फाइलमधून "स्टार्ट" या कमांडने, स्लॅश देऊन "बिलोनॉर्मल" लिहून सुरू करा. त्यातून निघणाऱ्या उपप्रक्रियाही तीच खालची प्रायॉरिटी घेतात, त्यामुळे मागून वेगळा एन्कोडर चालवणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरलाही हे लागू पडतं. हँडब्रेकसारख्या काही प्रोग्रॅमांच्या प्रेफरन्सेसमध्येच प्रायॉरिटी ठरवायची सोय आहे. ती असेल तर बॅच फाइलची गरज नाही.

याच्या उलट स्थितीही बघायला मिळते: एक्स्पोर्ट लवकर व्हावा म्हणून कोणीतरी त्यालाच "हाय" करून ठेवलेलं असतं. तेव्हा गचक्यांना एक ओळखू येणारी लय असते. व्हिडिओ तीन-चार सेकंद थिजतो, थोडा पुढे सरकतो, पुन्हा थिजतो. विंडोजमध्ये सुमारे चार सेकंद रांगेत उपाशी राहिलेल्या थ्रेडला थोड्या वेळापुरतं १५ पर्यंत वर उचलण्याची सोय आहे, ती लय तिची. असं दिसलं की लगेच टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये "बेस प्रायॉरिटी" हा रकाना चालू करून कोण वर बसलंय ते बघा.

लॅपटॉपवर आणखी दोन जागा

चार्जर काढला की अडखळतं आणि लावला की थांबतं, असं असेल तर पॉवर मोड तपासा. विंडोज ११ मध्ये त्याहून सूक्ष्म एक गोष्ट आहे: टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसच्या नावापुढे झाडाच्या पानाची खूण दिसते, तो एफिशियन्सी मोड. त्यात प्रोसेसची प्रायॉरिटीही खाली जाते आणि वीज वाचवण्याची सूचनाही तिला चिकटते. इंटेलच्या १२व्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात. अशी खूण असलेलं काम छोट्या कोअरवर ढकललं जातं. व्हिडिओ चालू असलेल्या प्रोसेसपुढे ते पान दिसलं तर राइट क्लिक करून काढा. कोणी अफिनिटी लावून प्लेअरला ठरावीक कोअरवर बांधून ठेवलं असेल तर तेही सोडवा. चार कोअरची जुनी सवय सोळा कोअरच्या मशीनवर नेली की प्लेअर नेमका गर्दीच्या कोअरवर अडकतो.

ग्राफिक्स सेटिंग्जमधलं "हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग" हा ग्राफिक्स कार्डाचा स्वतंत्र शेड्युलर, विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासूनचा. एकदा चालू, एकदा बंद, दोन्ही वेळा रीस्टार्ट करून तपासा. रेडीचा आकडा लहान असूनही चित्र उडत असेल तर मी आधी इथेच बघतो.

लिनक्स वापरत असाल तर

मोजणं इथे उलट सोपं आहे. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ४.२० आवृत्तीपासून प्रॉक फोल्डरात "प्रेशर" आहे, त्यातली "सीपीयू" नावाची फाइल उघडा. "सम" ने सुरू होणाऱ्या ओळीत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ कोणीतरी प्रोसेसरसाठी ताटकळत होतं ते लिहिलेलं असतं. एकट्या प्लेअरचं बघायचं तर प्रॉकमध्ये त्याच्या प्रोसेस क्रमांकाखाली "शेडस्टॅट": तीन आकड्यांतला दुसरा म्हणजे रांगेत गेलेला वेळ, नॅनोसेकंदांत. दोनदा वाचा, वजाबाकी करा. ही फाइल मुख्य थ्रेडपुरतीच बोलते, म्हणून डिकोडरच्या थ्रेडसाठी त्याच जागच्या "टास्क" फोल्डरात शिरा. एमपीव्ही या प्लेअरात शिफ्ट धरून आय दाबलं की किती फ्रेम डिकोडरकडे गळल्या आणि किती दाखवताना, हेही वेगवेगळं दिसतं.

तीन कारणं वरचेवर निघतात. पहिलं, ट्यून्ड या (बऱ्याच सेटिंग एकगठ्ठा लावणाऱ्या) साधनाचं सर्व्हरसाठीचं प्रोफाइल. "थ्रूपुट परफॉर्मन्स" हे प्रोफाइल जुन्या सीएफएस शेड्युलरच्या कर्नलवर किमान तुकडा १० मिलिसेकंद आणि जागं होणाऱ्या थ्रेडला पुढे घुसू देण्याची मर्यादा १५ मिलिसेकंदांवर नेत असे. ६० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला मिळतात १६.७. डेस्कटॉपवर हे प्रोफाइल नको. कर्नल ६.६ पासून सीएफएसची जागा ईईव्हीडीएफने घेतली आहे आणि तिथे मूळ तुकडा आठ कोअरच्या मशीनवर सुमारे ३ मिलिसेकंदांचा असतो. नव्या कर्नलवर जुन्या काळातले आकडे लावू नका.

दुसरं, नाइस (लिनक्समधला प्रायॉरिटी उतरवायचा आकडा) देऊनही फरक न पडणं. नाइसची तुलना एकाच गटातल्या प्रोसेसमध्ये होते. एका टर्मिनलमधलं कंपाइलचं काम एका गटात आणि प्लेअर दुसऱ्या गटात असेल तर नाइस १९ दिलं तरी दोन गटांतली वाटणी तशीच राहते. हे गट २.६.३८ कर्नलमधल्या ऑटोग्रुपने केलेले असोत वा सिस्टिमडी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेने (ते सीजीग्रुप), नियम तोच. तिथे गटाचं वजन बदलावं लागतं: जड काम "सिस्टिमडी रन" ने वेगळ्या स्कोपमध्ये (स्वतंत्र गटात) सुरू करा आणि "सीपीयू वेट" मूळच्या १०० वरून २० वर आणा.

तिसरं कारण कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायच्या कप्प्यात) किंवा कोटा (प्रोसेसरच्या वेळेची कमाल मर्यादा) लावलेल्या सर्व्हिसमध्ये प्लेअर चालवणाऱ्यांचं, उदाहरणार्थ दुकानातल्या जाहिरातीच्या पडद्यामागचं छोटं मशीन. सीपीयू कोटा मुळात १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजला जातो. एका सीपीयूएवढा कोटा दिला आणि डिकोडरने चार थ्रेड चालवले, तर तो कोटा २५ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद चारही थ्रेड सक्तीने थांबतात, बाकी मशीन मोकळं असलं तरी. २५ फ्रेमच्या व्हिडिओत त्या थांब्यात जवळपास दोन फ्रेम जातात. त्या सीजीग्रुपच्या "सीपीयू डॉट स्टॅट" फाइलमधला "एनआर थ्रॉटल्ड" हा आकडा गचक्यांबरोबर वाढत असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. कोटा काढा, त्याऐवजी वजन द्या. वजन फक्त गर्दी असताना लागू होतं, कोटा मोकळ्या मशीनवरही अडवतो.

बदल तपासताना

एका वेळी एकच सेटिंग बदला. तपासणीची फाइल तीच ठेवा, तिचा तोच जड सीन, मागचं कामही तेच. ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. "आता बरं वाटतंय" यावर विसंबू नका, कारण मागचं काम मधूनच हलकं होतं आणि बरं वाटतंच.

नीट झाल्यावर आठवड्याने प्रश्न परत आला तर आधी विन३२ प्रायॉरिटी सेपरेशनचा आकडा पुन्हा वाचा. तो बदललेला असेल तर मशीनवर एखादा बूस्टर अजून आहे आणि प्रत्येक वेळी सुरू होताना तो आपला आकडा लिहितोय. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये आणि टास्क शेड्युलरमध्ये तो सापडेल. आकडा जागेवर असेल तर गचके ठरावीक वेळीच येतात का ते बघा. वेळ ठरलेली असेल तर टास्क शेड्युलरमध्ये त्या वेळेचा बॅकअप किंवा स्कॅन शोधा आणि तो रात्री ढकला.